सात मिनिटे लवकर

परळच्या आमच्या औषधांच्या दुकानात काउंटरच्या डाव्या हाताला, जिथे बाबांच्या काळी ग्लुकोजचे डबे आणि ग्राइप वॉटरच्या बाटल्या असायच्या, तिथे आता झोपेसाठीच्या पूरकांचा अख्खा खण आहे. मेलाटोनिनच्या गोळ्या, जिभेवर विरघळणाऱ्या पट्ट्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या गमी, मॅग्नेशियम, अश्वगंधा, तगर, आणि यांतले चार-पाच घटक एकत्र करून केलेली मिश्रणे. बहुतेक बाटल्या जांभळ्या किंवा गडद निळ्या असतात आणि त्यांच्यावर हमखास चंद्रकोर असते. लेबलावर मात्र इंग्रजीत आणखी एक ओळ असते, जी कोणी गिऱ्हाईक आपणहून वाचताना मी पाहिलेले नाही: औषधी वापरासाठी नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर ती छापावीच लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने ही बाटली अन्न आहे. पलीकडच्या कुलूपबंद कपाटात अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम या झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्या असतात. ही औषधे 'एच-वन' अनुसूचीतली. त्यांच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पाहायची, डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदवायची आणि ती वही ३ वर्षे सांभाळून ठेवायची. एकच तक्रार घेऊन आलेल्या दोन माणसांपैकी एकाची मी अशी कसून चौकशी करते, आणि दुसऱ्याला एकही प्रश्न न विचारता पिशवी हातात देऊ शकते.

झोपेची तक्रार करणारे सगळेच निद्रानाशाचे रुग्ण नसतात, आणि हे आधी वेगळे काढले नाही तर पुढचे सगळे गणित चुकते. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून येणारा आणि रात्री साडेदहाला घरी पोहोचणारा माणूस झोप होत नाही म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे झोप असते, झोपायला वेळ नसतो. डब्यात दाराजवळच्या पार्टिशनला टेकून तो उभ्या उभ्या डुलक्या घेतो आणि नेमका आपल्या स्टेशनच्या आधी जागा होतो. त्याला कोणतीही गोळी दिली तरी त्याच्या दिवसात तासभर वाढणार नाही. आसपासच्या मोठ्या इस्पितळांतल्या, सतत पाळी बदलणाऱ्या नर्स येतात. त्यांचे शरीराचे घड्याळ आणि कामाचे घड्याळ यांचा मेळ बसलेला नसतो. रात्रभर घोरून सकाळी जड डोक्याने उठणारे येतात, ज्यांचा श्वास झोपेत अडतो आहे की काय हे आधी तपासायला हवे. अंथरुणावर पडले की पाय स्वस्थ राहत नाहीत अशा बायका येतात, ज्यांच्यापैकी कित्येकींच्या रक्तातले लोह कमी निघते. आणि मग उरतात ते खरे निद्रानाशाचे रुग्ण: वेळ आहे, अंथरूण आहे, दिवे मालवलेले आहेत, तरी आठवड्यातून ३ किंवा त्याहून अधिक रात्री झोप लागत नाही किंवा टिकत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास होतो, आणि हे ३ महिन्यांहून जास्त चालले आहे. वैद्यकशास्त्र यालाच दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. माझ्या जांभळ्या बाटल्या सर्वांत जास्त घेणारा वर्ग हाच, आणि त्या बाटल्यांचा सर्वांत कमी फायदा होणाराही हाच.

मेलाटोनिनपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण सर्वाधिक मागणी त्याला आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींमधून ते वेगळे काढले. त्याला रस होता तो त्वचेच्या रंगात, झोपेत नव्हे. अंधार पडला की मेंदूच्या मध्यभागी असलेली ही इवलीशी ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते आणि पहाटेकडे थांबते, म्हणून त्याला सर्रास झोपेचे संप्रेरक म्हटले जाते. पण परळच्या गटारांतल्या घुशींच्या रक्तातही मेलाटोनिन रात्रीच वाढते, आणि त्या वेळी त्या ऐन भरात असतात. हे संप्रेरक शरीराला एवढेच कळवते की बाहेर रात्र झाली आहे. त्या रात्रीचे काय करायचे ते प्रत्येक प्राणी आपापल्या परीने ठरवतो. निद्रानाशाच्या बहुतेक रुग्णांना रात्र झाल्याचे पुरते ठाऊक असते. किंबहुना घरात त्यांच्याइतके ते कोणालाच ठाऊक नसते.

मात्रेची गोष्ट याहून विचित्र आहे. आपले शरीर संपूर्ण रात्रीत मिळून एका मिलिग्रॅमपेक्षा बरेच कमी मेलाटोनिन तयार करते, आणि बाटल्या मिळतात ३, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या. लोक पायरी-पायरीने वर चढतात, कारण तिनाने गुण आला नाही तर पाच आणि पाचाने नाही तर दहा, हे तर्काला धरून वाटते. पण निरोप एकदा पोहोचला की तोच निरोप मोठ्याने सांगून फारसे काही वाढत नाही. शिवाय साध्या गोळीतले मेलाटोनिन रक्तात साधारण पाऊण तासाला निम्मे होत जाते, त्यामुळे रात्री दहाला घेतलेल्या गोळीकडून तीन वाजता उडालेली झोप परत आणण्याची अपेक्षा करण्यात फारसा अर्थ नसतो.

आता आकडे. २०१३ साली १९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, ज्यात १,६८३ लोकांची माहिती होती. मेलाटोनिन घेणाऱ्यांना नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ७ मिनिटे लवकर झोप लागली, आणि एकूण झोप ८ मिनिटांनी वाढली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा आहे, योगायोगाचा नाही. म्हणून मेलाटोनिन निव्वळ थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. परंतु जो माणूस रात्री एकपर्यंत पंख्याची पाती मोजतो आहे, त्याला बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी झोप लागली तर त्याच्या आयुष्यात काय बदलले? अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी मेलाटोनिन, व्हॅलेरियन (तगरीच्या जातकुळीतली वनस्पती) आणि ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) वापरू नये असाच सल्ला दिला. पुरावा दुबळा आहे हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले, पण त्या दुबळ्या पुराव्याचा कल कोणीकडे आहे हेही लपवले नाही.

जिथे प्रश्न खरोखरच घड्याळाचा असतो तिथे मात्र हीच गोळी उपयोगी पडते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. अमेरिकेहून परतलेला आणि भर दुपारी पेंगणारा मुलगा, पहाटे तीनशिवाय झोपच न येणारी आणि मग अकरापर्यंत गाढ झोपणारी महाविद्यालयीन मुलगी, अशांना योग्य वेळी घेतलेली लहान मात्रा मदत करते. आणि इथे योग्य वेळ ही मात्रेपेक्षा महत्त्वाची असते, कारण चुकीच्या वेळी घेतली तर घड्याळ उलट्या दिशेला सरकू शकते. युरोपात ५५ वर्षांवरील लोकांसाठी हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी २००७ पासून मान्यताप्राप्त आहे, पण औषध म्हणून. ब्रिटनमध्ये तर मेलाटोनिन चिठ्ठीशिवाय मिळतच नाही. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर वर्गातली औषधे घेणाऱ्यांच्या शरीरात रात्रीचे मेलाटोनिन कमी तयार होते, आणि अशा मोजक्या लोकांवर झालेल्या एका लहान चाचणीत पूरक मेलाटोनिनने झोप सुधारलेली दिसली. म्हणजे गोळीला जागा आहे. ती जागा बाटलीवरच्या चंद्रकोरीइतकी मोठी नाही, एवढेच.

बाटलीवर जे लिहिले आहे ते बाटलीत असते का, हा प्रश्न औषधविक्रेत्याला झोपू न देणारा आहे. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी तिथल्या बाजारातली ३१ उत्पादने तपासली, तेव्हा प्रत्यक्ष मेलाटोनिन लेबलावरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त, एवढ्या पल्ल्यात सापडले. ८ उत्पादनांत सेरोटोनिन हे मेंदूत संदेश नेणारे रसायन निघाले, ज्याचा लेबलावर उल्लेखही नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ गमी तपासल्या, त्यांतल्या २२ वरचा आकडा चुकीचा होता आणि एकीत मेलाटोनिन अजिबात नव्हते. या चाचण्या तिकडच्या मालाच्या आहेत, आपल्याकडच्या नव्हेत, आणि त्यांवरून इथल्या एखाद्या बाटलीवर शिक्का मारणे बरोबर नाही. पण अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाकडून औषधाच्या काटेकोरपणाची अपेक्षा धरताना हे आकडे लक्षात ठेवावेत. गमीबद्दल तर माझा सरळ आकस आहे. गोडगोळीसारखी दिसणारी वस्तू उशाशी ठेवायची आणि घरात चार वर्षांचे नातवंड असायचे, हा मेळ मला मान्य नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याची जी प्रकरणे २०१२ मध्ये ८,३३७ होती, ती २०२१ मध्ये ५२,५६३ झाली.

मॅग्नेशियमविषयी थोडक्यात सांगते. लेबलावर १,००० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेट असे ठळक लिहिलेले असले, तरी त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे १४० मिलिग्रॅमच असते, बाकी वजन ग्लायसिनचे. त्यामुळे आकडा पाहून बाटल्यांची तुलना करणाऱ्यांची नेहमी फसगत होते. ज्येष्ठांवरच्या ३ चाचण्या एकत्र करून २०२१ साली जो आढावा घेतला गेला, त्यात मिळून १५१ माणसे होती. झोप १७ मिनिटे लवकर लागल्याचे दिसले, आणि पुरावा हलक्या प्रतीचा असल्याचे आढावा घेणाऱ्यांनीच लिहिले. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊच नये. अश्वगंधेचे पुरावे याहून बरे आहेत: २०२१ च्या विश्लेषणात ५ चाचण्या, ४०० माणसे, आणि परिणाम लहान पण दिसण्याजोगा. मात्र ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, थायरॉईडच्या पातळीवरही तिचा परिणाम होऊ शकतो, आणि डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी मला अतिरेकी वाटते. पण थायरॉईडची गोळी सकाळी नेमाने घेणारी बाई 'हे काय, आपले आयुर्वेदिकच आहे' म्हणून रात्री अश्वगंधा सुरू करते आणि डॉक्टरांना सांगत नाही, तेव्हा तिला थांबवून सांगणे मला आवश्यक वाटते.

आयुर्वेदाचे नाव घेतलेच आहे तर एक गोष्ट नोंदवते, कारण त्या नावावर खणातला अर्धा माल खपतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गेलेली झोप परत आणणाऱ्या गोष्टींची यादी आहे. अभ्यंग आहे, स्नान आहे, भात, दही, दूध, तूप आहे, मद्यसुद्धा आहे. मनाला सुख, आवडते गंध आणि आवाज, अंग चेपणे, डोक्याला लेप आहे. आणि शेवटी नीट अंथरलेली शय्या, सुखाचे घर आणि योग्य वेळ. त्या यादीत वेगळी अशी एकही वनस्पती कुटून गिळायला सांगितलेली नाही. हजारो वर्षांचे ज्ञान एका कॅप्सूलमध्ये असे बाटलीवर छापणाऱ्यांनी त्या ज्ञानातले घर आणि वेळ हे दोन घटक बाहेरच ठेवलेले असतात, आणि मुंबईत नेमकी त्यांचीच चणचण आहे. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल असावी, असा २००० सालचा नियम आहे. आमच्या गल्लीत पुनर्विकासाचे पायलिंग, रात्रीच येणारे काँक्रीटचे मिक्सर आणि नवरात्र-गणपतीचे दिवस असताना तो आकडा कोणाच्या घरात साधतो, हे मला पाहायला आवडेल. कानात घालायचे फोमचे बोळे आमच्याकडे सर्वांत स्वस्त मिळतात, आणि ते कोणी मागत नाही.

तरीही लोक पूरकांना गुण आल्याचे मनापासून सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. माणूस दुकानाची पायरी चढतो ती सर्वांत वाईट आठवड्यानंतर. निद्रानाशात रात्री एकसारख्या नसतात. चार वाईट रात्रींमागे एक बरी येतेच, कारण जागरणाचा साठा वाढत जाऊन शेवटी शरीर आपला हक्क वसूल करते. त्या बऱ्या रात्रीच्या आदल्या संध्याकाळी बाटली घरी आलेली असली, की श्रेय बाटलीला जाते. त्यात विश्वासाची भर पडते. चाचण्यांमध्ये दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचीही झोप सुधारते, आणि त्या सुधारणेला मी तुच्छ लेखत नाही; काळजीने जागणाऱ्याला काहीतरी केल्याचे समाधान मिळाले तर त्याचा जीव थोडा शांत होणारच. अडचण पुढे येते. काही आठवड्यांनी पुन्हा एक वाईट रात्र येते, आता बाटलीवरचा विश्वास डळमळतो, आणि दुसरी बाटली आणली जाते. रोज संध्याकाळी आज गोळी लागू पडेल का, हा विचार सुरू होतो. झोपेवर पहारा बसतो, आणि पहारेकऱ्याला झोपता येत नाही.

निद्रानाश कसा टिकतो याची उत्तम मांडणी आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ च्या सुमारास केली. काही जणांचा पिंडच हलक्या झोपेचा असतो. त्यावर एखादे निमित्त घडते, आजारपण, मृत्यू, नोकरी जाणे. आणि निमित्त विरले तरी त्या काळात झोप भरून काढण्यासाठी लावून घेतलेल्या सवयी मागे राहतात. लवकर अंथरुणाला पाठ टेकणे, सकाळी लोळत राहणे, दुपारी भरपाई करणे. निमित्ताने सुरू झालेला निद्रानाश पुढे या सवयींवर जगतो. पूरक पिंड बदलू शकत नाही, निमित्त पुसू शकत नाही, आणि सवयींना तर हातही लावत नाही.

हे सगळे मला पुस्तकापेक्षा लालबागच्या एका चाळीतल्या काकूंमुळे जास्त नीट कळले. दहा बाय बाराची खोली, पोटमाळ्यावर मुलगा-सून, खाली काकू आणि नात. काका गेले तेव्हा झोप उडाली, ते स्वाभाविकच होते. दुःख हळूहळू बोथट झाले, रात्री मात्र तशाच राहिल्या. एक दिवस त्या आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ती दहाची दे गं, पाचाची आता मला लागू पडत नाही." मी त्यांना त्यांच्या बाकीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणायला सांगितली. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी गोळी त्या रात्री जेवणानंतर घेत होत्या, कारण सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही. त्यामुळे रात्री दोनदा-तीनदा उठणे आले. चाळीत उठणे म्हणजे कडी काढायची, चपला शोधायच्या, गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासापर्यंत ट्यूबलाइटच्या उजेडात चालत जायचे, कुत्रे भुंकते ते वेगळे; परत येईपर्यंत माणूस टक्क जागा. डॉक्टरांनी ती गोळी सकाळवर नेली आणि मधल्या फेऱ्या बऱ्याच कमी झाल्या. औषधविक्रेत्याच्या धंद्यात हे नेहमी दिसते: संध्याकाळी घेतलेले स्टेरॉइड, सर्दीसाठीचे स्यूडोएफेड्रिन, दम्याच्या काही गोळ्या, आणि पाच वाजताचा कडक चहा, ज्यातले कॅफिन निम्मे व्हायला सुमारे ५ तास लागतात. झोपेची बाटली मागणाऱ्याच्या हातातच कधीकधी झोप उडवणारी चिठ्ठी असते. अर्थात तिच्यातली वेळ आपल्या मनाने बदलायची नाही. ते डॉक्टरांचे काम.

काकूंचा अर्धा प्रश्न सुटला, अर्धा उरला. नातीची शाळा म्हणून दिवे नऊला बंद होत, काकूही नऊला आडव्या होत आणि साडेबारा-एकपर्यंत कूस बदलत. उठायचे मात्र पाचला, कारण पाणी तेव्हा येते. आठ तास अंथरुणात आणि झोप जेमतेम चार-साडेचार तास. इथे जो उपाय लागू पडतो त्याला निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तनोपचार पद्धती म्हणतात, आणि अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) २०१६ मध्ये तो प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावरचा पहिला उपचार ठरवला. युरोपच्या सूचनाही तेच सांगतात. तिचा एक भाग ऐकायला उफराटा वाटतो: ज्याला झोप येत नाही त्याने अंथरुणातला वेळ कमी करायचा. आठवडाभर झोपेची नोंद ठेवायची, प्रत्यक्षात जितकी झोप होते तितकाच वेळ, पण सहसा ५ तासांपेक्षा कमी नाही, अंथरुणात काढायचा, उठण्याची वेळ पक्की ठेवायची, आणि झोप सलग लागू लागली की तो वेळ थोडाथोडा वाढवायचा. फेफरे येणाऱ्यांनी, तीव्र मनोविकार असलेल्यांनी, गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये, कारण पहिले काही दिवस दिवसा डोळ्यांवर झापड येते. दुसरा भाग रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेला: अंथरूण फक्त झोपेसाठी, आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे जायचे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न परदेशी पुस्तकांना पडत नाही. एका खोलीच्या घरात दुसरी खोली नसते. काकू गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागल्या. पण याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला फार रोचक वाटते. चाळीत गादी सकाळी गुंडाळून वळकटी भिंतीला लागते आणि रात्रीच पसरली जाते. दिवसभर अंथरूण नावाची जागाच घरात नसते. बूटझिन जे शिकवायला निघाले ते आमच्याकडे जागेच्या टंचाईने आपोआप पाळले जात होते. याउलट पुनर्विकासात टॉवरमध्ये गेलेल्यांच्या घरी कायमचा पलंग आला, आणि त्यावर जेवण, मोबाइल, मुलांचा अभ्यास आणि लॅपटॉप असे सगळे आले. पाण्याचेही तसेच: पाचची वेळ ही उठण्याची पक्की वेळ म्हणून काकूंच्या पथ्यावरच पडली. त्या अकराला झोपू लागल्या, तोवर पायरीवर बसून शेजारणीशी बोलत. पहिला आठवडा वाईट गेला आणि त्यांनी मला बोलही लावला. आता त्यांना रोज छान झोप लागते असे मी म्हणणार नाही. एकची साडेअकरा झाली आहे, आणि वाईट रात्र आली तरी त्या दुसऱ्या दिवशी दुकानात येत नाहीत.

या उपचाराचेही आकडे दिले पाहिजेत, नाहीतर मी पूरकांना एक माप आणि त्याला दुसरे लावले असे होईल. २०१५ च्या विश्लेषणात २० चाचण्या मिळून झोप सरासरी १९ मिनिटे लवकर लागली आणि मधले जागेपण २६ मिनिटांनी घटले. एकूण झोप मात्र जेमतेम ८ मिनिटेच वाढली, म्हणजे मेलाटोनिनइतकीच. पण ती तुकड्यातुकड्यांची राहिली नाही, आणि उपचार थांबल्यानंतरही फरक टिकून राहिला, जे कोणत्याही बाटलीच्या बाबतीत होत नाही. अडचण ही की हा उपचार देणारे प्रशिक्षित लोक मुंबईतही थोडे, मराठीतून देणारे त्याहून थोडे, आणि खासगीतली फी पाहता बाटली स्वस्त वाटते. नैराश्य किंवा चिंतेची शंका असलेल्यांना मी महापालिकेच्या इस्पितळातल्या मानसोपचार विभागाची, नाहीतर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेली-मानस सेवेची वाट दाखवते; १४४१६ वर मराठीतून बोलता येते.

सर्वांत सावध मी असते ती एका विशिष्ट मागणीबाबत. वर्षानुवर्षे अल्प्राझोलाम घेणारी माणसे मुलांच्या आग्रहावरून येतात आणि म्हणतात, सवय लागणारी ती गोळी आता नको, त्याऐवजी ही नैसर्गिक द्या. हेतू चांगला असतो. पण ती गोळी एकदम तोडली तर बेचैनी, थरथर, क्वचित फेफरेही येऊ शकते, आणि झोप तर पूर्वीपेक्षा वाईट होते. मेलाटोनिन किंवा अश्वगंधा तिची जागा घेऊ शकत नाहीत. तिची मात्रा डॉक्टरांनीच, हळूहळू, आठवड्यांच्या आणि कधी महिन्यांच्या हिशेबाने उतरवायची असते. अशा वेळी मी बाटली विकत नाही.

परवा एका गृहस्थांनी हे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "मग तुम्ही हा माल ठेवता तरी कशाला?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, पाळीवरच्या नर्सना तो लागतो, परदेशातून येणाऱ्यांना लागतो. आणि मी ठेवला नाही तर तुम्ही तो मोबाइलवरून दहा मिनिटांत मागवाल, आणि पिशवी घेऊन येणारा मुलगा तुम्ही आणखी कोणत्या गोळ्या घेता हे विचारणार नाही. त्यांनी हसून व्हॉट्सॲपवर ठेवलेली आपली चिठ्ठी दाखवली. त्यात ॲटेनोलॉल होते. मी बाटली परत खणात ठेवली आणि ती चिठ्ठी घेऊन आधी त्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले, कारण इतक्या लोकांत बहुधा त्यांनाच ती खरोखर उपयोगी पडण्याची शक्यता होती, आणि तसे असेल तर किती आणि कधी घ्यायची हे बाटलीवर लिहिलेले नव्हते.